लातुरात चौघांचा घरखर्च: किराणा, लाईटबिल, गॅस, पाणी यांत नेमकं कुठं कमी करावं?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरात चौघं: आम्ही दोघं, आई, आठवीतला मुलगा. भाड्याचं घर, सगळ्यात वरचा मजला, वर नुसता स्लॅब. महिन्याचे आकडे असे:

किराणा ७,५०० (त्यात तेल ५ किलो), भाजी २,५००, दूध २,४००. पिण्याच्या पाण्याचा जार रोज एक, ३० रुपयांचा. गॅस सिलिंडर उन्हाळ्यात ४२-४३ दिवस जातो, हिवाळ्यात मात्र २२-२३ दिवसांतच संपतो, कारण अंघोळीचं पाणी गॅसवर तापतं. लाईट हिवाळ्यात ११५ युनिटच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये २७०. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,९००. तीन मोबाईल. वापरायला बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. नळ आठवड्यातून एकदा.

महिन्याला तीन-साडेतीन हजार कमी करायचेत. चहा बंद करा, हॉटेल बंद करा असले सल्ले नकोत, हॉटेल तसंही नाही. नेमकं काय, किती, कसं ते सांगा.

---

गंजगोलाई_उधारबंद

सुरुवात किराण्यापासून करा, आणि किराण्यातही तेलापासून. चौघांना महिन्याला ५ किलो तेल म्हणजे माणशी सव्वा किलो. माणशी अर्धा किलो हा धडा धरला तर २ किलोत भागायला हवं, सणासुदीचं तळण धरून अडीच. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करा आणि महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवा. संपलं की संपलं. किलोला दीडशे धरले तर एवढ्या एका गोष्टीनं ३७५ रुपये सुटतात.

तेलाचा डबा घेताना १५ किलो आणि १५ लिटर यांत गफलत करू नका. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा १३.६५ किलोचाच. समजा १५ लिटरचा डबा २,१०० ला आणि १५ किलोचा २,२५० ला आहे. दिसायला पहिला स्वस्त. किलोचा भाव काढला तर पहिला १५४ रुपये पडतो आणि दुसरा १५०. पाकिटांतही तोच खेळ चालतो: शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन पिशव्यांत एक ९१० ग्रॅमची, दुसरी ८०० ची. पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो, तोच वाचायचा. मोठी एमआरपी आणि '२० टक्के जादा' सोडून द्या. एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा: शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागं स्वस्त पडते. 'मोठं घेतलं की स्वस्त' हे सगळीकडं लागू नाही.

आता धान्य. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळ्यात महिन्याला पाच-पाच किलो घेणारा माणूस आडत, साठवण आणि दुकानदाराचा नफा सगळं भरतो. सकाळी पोळी आणि रात्री भाकरी असेल तर चौघांना महिन्याला साधारण १२-१३ किलो ज्वारी, तेवढाच गहू लागतो. वर्षासाठी दोन्ही दीड-दीड क्विंटल मोंढ्यातून (धान्याच्या बाजारातून) किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून उचला.

ज्वारी घेताना दाणा दातानं फोडून बघा. कट्‌ आवाज होऊन तुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. शेवटच्या पावसात सापडलेली ज्वारी काळसर पडते, दाण्याला डाग असतो, ती कितीही स्वस्त दिली तरी नको. भाकरी थापताना चिरते आणि कडवट लागते.

साठवण बिघडते ती बहुतेक एकाच कारणानं. दिवसभर उन्हात वाळवलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरतात. रात्री पत्रा गार होतो, आतल्या वाफेचं पाणी होऊन झाकणाखाली आणि कडेला जमतं, तिथून बुरशी धरते आणि सोंडे होतात. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी सावलीत पसरा, रात्रभर निवू द्या, सकाळी भरा. कोठी आधी रिकामी करून उन्हात तापवा. जुनं उरलेलं धान्य नव्यात मिसळू नका, कीड तिथूनच येते. कोठीखाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. गव्हाला क्विंटलमागं ३०० मिली एरंडेल चोळून लावतात. ज्वारीला तेल लावू नका, नीट वाळवून वरच्या थरात सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

सल्फासच्या (धान्यातली कीड मारायच्या) गोळ्या घरात अजिबात नकोत. बंद खोलीत त्यातून निघणाऱ्या वायूनं माणसं दगावतात. पाऱ्याच्या टिकड्याही टाळा.

डाळ तुमच्या गावातच बनते, मग पाकिटबंद कशाला घेता? डाळ मिलच्या दुकानात फटका डाळीपेक्षा तुकडा डाळ बरीच स्वस्त मिळते. वरणात ती घोटूनच जायची, तुकडा काय आणि अख्खी काय. फार चकचकीत डाळ नको. चार महिन्यांची घ्या आणि किलोमागं ५ मिली गोडेतेल चोळून ठेवा. बेसन, रवा, सोललेले शेंगदाणे यांचा मात्र साठा करायचा नाही. पावसाळ्यात बेसनाला जाळी लागते, दाणे खवट होतात.

---

वायरमन_नांदेड

लाईटबिलाबद्दल आधी एक गैरसमज काढून टाका. १०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दरानं येतं, असं नसतं. पहिल्या १०० ला खालचाच दर, १०१ पासून ३०० पर्यंत पुढचा. म्हणून ११५ चं ९९ करायला जीव टाकायची गरज नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की १०० च्या वर असेपर्यंत तुमचं वाचणारं प्रत्येक युनिट महागाच्या टप्प्यातलं असतं. हिशेबाला ते सगळे आकार धरून १२ रुपयांच्या आसपास पकडा.

पंखे. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास, त्याच वापराला साडेचौदा. महिन्याला २१ युनिट म्हणजे अडीचशे रुपये. तीन हजारांचा पंखा वर्षभरात फिटतो, पण आई बसते-झोपते त्या खोलीतच. दिवसाला चार-पाच तास चालणाऱ्या पंख्याला बीएलडीसी लावून काही मिळत नाही. भाड्याचं घर असेल तर जुना पंखा कपड्यात बांधून माळ्यावर ठेवा, घर सोडताना अदलाबदल करा.

पंखा पाचवर ठेवूनही वारा लागत नसेल तर पंखा बदलू नका, आधी कपॅसिटर बदला. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पन्नास-साठ रुपयांचं काम. लोक मंद पंख्यामुळं मार्चातच कूलर काढतात.

कूलर. एप्रिल-मेमधली तुमची वाढ १५० युनिटची आहे, ती कूलर आणि फ्रिजची. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं कूलर उत्तम चालतो, पण हवा बाहेर जायला वाट हवी. कूलरसमोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून बसलात की अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि माणूस स्पीड वाढवतो. कूलरचं गवत दर उन्हाळ्याला नवं घाला. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून ते दगड होतं, मग हवा ओढायला मोटरला जोर लागतो आणि गारवाही येत नाही. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून पुसून काढा, नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचत जातो. डासांच्या अळ्याही त्याच पाण्यात होतात.

स्लॅब. वरच्या मजल्याला हे सगळ्यात स्वस्त औषध. मार्च सुरू झाला की गच्चीला चुना. ५०० चौरस फुटांना दोन हात द्यायला २०-२५ किलोची एक गोणी लागते. आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिंपात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात किलोभर डिंकासारखा बाईंडर मिसळा, नाहीतर हाताला पांढरं लागत राहतं आणि पहिल्या वळवात धुऊन जातं. गच्ची झाडून ओली करा आणि ऊन उतरल्यावर कुंच्यानं मारा. भर उन्हात मारला तर पापुद्रे सुटतात. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे लागतातच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. गच्चीच्या पन्हळीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा. घरमालकाला विचारून करा, शक्यतो नाही म्हणत नाहीत.

बिल. बिलावर लवकर भरल्यास किती भरायचे ती तारीख आणि रक्कम वेगळी छापलेली असते, ती सवलत सोडू नका. कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतलं तर महावितरणची 'गो-ग्रीन' सवलत मिळते. दोन महिन्यांची तुलना करताना नुसते युनिट बघू नका, रीडिंगच्या दोन तारखांमधले दिवस मोजून युनिट भागिले दिवस करा.

घरमालकाचं सबमीटर आहे का? असेल तर तो सरसकट दर लावत असेल, मग वरचं गणित थोडं बदलेल.

---

परभणीची_काकू

गॅसचं कोडं तुमच्या आकड्यांतच सुटतं. उन्हाळ्यात १४.२ किलो ४३ दिवस जातो, म्हणजे स्वयंपाकाला दिवसाला ३३० ग्रॅम. हिवाळ्यात २३ दिवस, म्हणजे ६१० ग्रॅम. मधले २८० ग्रॅम अंघोळीचे. चार बादल्यांना भागलं की बादलीमागं ७० ग्रॅम. हे बरोबरच आहे, २० लिटर पाणी १८ वरून ४२ अंशांवर न्यायला साध्या शेगडीवर एवढाच गॅस लागतो. महिन्याला साडेआठ किलो गॅस अंगावर ओतून जातो, अर्ध्या सिलिंडरपेक्षा जास्त.

यावर कुणी हीटरचा रॉड घ्या म्हणेल. तो घेऊ नका. त्याच बादलीला रॉड ०.५६ युनिट खातो, चार बादल्यांचे महिन्याला ६७ युनिट, आणि वायरमन दादांच्या १२ रुपयांच्या हिशेबानं ८०० रुपये. साडेआठ किलो गॅस त्यापेक्षा स्वस्त पडतो. 'थोडंसं पाणी उकळून गारात मिसळलं की वाचतं' हेही खरं नाही, उष्णता तेवढीच लागते. वाचतं ते पाणी मुळात कोमट असलं तरच.

गच्ची तुमच्याच डोक्यावर आहे. २० लिटरचे चार काळे कॅन सकाळी दहाला भरून उन्हात ठेवा, चार वाजता खाली आणा, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात. सकाळी पाणी १८ ऐवजी ३० अंशांवर असलं तर निम्माच गॅस लागेल. पातेल्यावर झाकण ठेवाच. आणि मुलाला संध्याकाळी खेळून आल्यावर अंघोळ घाला, तेव्हा त्या कॅनचं पाणी तापवावंही लागत नाही. गावाकडून तुराट्या-पळाट्या मिळत असतील आणि अंगण असेल तर बंबासारखं काही नाही, पण वरच्या मजल्यावर धुराची कटकट होते.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये तुमचा चोर म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्यात डाळ शिजतच नाही, चार शिट्ट्यांच्या आठ होतात. मग लोक सोडा टाकतात, त्यानं डाळ मऊ होते पण त्यातलं बी-जीवनसत्त्व जातं. डाळ धुवायला बोअरचं, पण भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. तूर डाळ अर्धा-पाऊण तास, हरभरा-मटकी रात्रभर. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. शिट्टी म्हणजे वाया जाणारी वाफ, शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही, वेळेनं शिजते. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत असेल तर रबर गेलंय, लगेच बदला. ज्योत पिवळी दिसली किंवा भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं की बर्नरची भोकं टाचणीनं साफ करा.

आता जार. महिन्याचे ९०० रुपये. आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, मीटर दोन-तीनशेला मिळतं. ५०० च्या आत आलं तर आरओची गरजच नाही, फक्त जंतू मारायचे. पिण्याला-शिजवायला चौघांना दिवसाला २० लिटर धरा, आठवड्याचे १४०. झाकणाचं, तोटी असलेलं २०० लिटरचं एक पिंप फक्त पिण्यासाठी ठेवा, त्यात तांब्या-हात बुडवायचा नाही. पाणी गढूळ असेल तरच तुरटी, पूर्ण पिंपाला ४-५ ग्रॅम, आणि रात्रभर निवळू द्या. मग क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापानं, अर्धा तास थांबून वापरा. आधी तुरटी, नंतर क्लोरीन, हा क्रम उलटा करू नका, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आईसाठी उकळून गार केलेलं वेगळं ठेवा.

गार पाण्याच्या सुट्या जारवर बऱ्याचदा आयएसआय शिक्काही नसतो, तेव्हा 'जारचं म्हणजे शुद्ध' असं धरून चालू नका.

भाजीचं थोडक्यात: एप्रिल ते जून भाजी महाग असते, तेव्हासाठी हिवाळ्यातच हरभऱ्याचा पाला आणि मेथी सावलीत वाळवून ठेवा. मुगाचे सांडगे मार्चात घाला. येसर (आमटीचं भाजकं मसालेदार पीठ) डब्यात असलं की आठवड्यातून दोन रात्री भाजी विकत न आणता आमटी-भाकरीवर निघतात.

---

कडबा_बाजार

उधारबंद भाऊंचं गणित बरोबर आहे, पण मार्चमध्ये ज्वारी-गहू-डाळीला एकदम १२-१५ हजार आणायचे कुठून? ते त्यांनी सांगितलं नाही. बचत गटातून काढले तर बहुतेक ठिकाणी शेकडा २ रुपये महिना. सहा समान हप्त्यांत फेडलं तर एकूण व्याज मुद्दलाच्या ७ टक्के बसतं. धान्यात १५ टक्के वाचत असतील तर हाती ८ उरतात, आणि कोठीला कीड लागली तर तेही जातात. मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपचं तर नावच काढू नका.

भिशी असेल तर तुमची पाळी फेब्रुवारी-मार्चला घ्या, साधी चिठ्ठीची भिशी. बोली लावून उचलायची असेल तर बोलीत सोडलेली रक्कम म्हणजे व्याजच, ते आधी मोजा. भिशी नसेल तर पहिल्या वर्षी फक्त ज्वारी वर्षाची घ्या, गहू तीन-तीन महिन्यांचा.

बाकी दोन गोष्टी.

गोळ्या: डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर एक नव्हेत, दुसरी सावकाश विरघळते. चिठ्ठीवर एसआर असेल तर एसआरच घ्यायची आणि ती मोडून द्यायची नाही. एका गोळीत दोन औषधं एकत्र असतील तर दोन्हींची नावं जुळायला हवीत. बदलल्यावर पंधरा दिवसांनी साखर आणि बीपी तपासून डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडची किंवा फिटची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर-तपासण्याही मोफत आहेत, जवळच्या केंद्रात बीपी-शुगरची गोळी मिळते का बघा.

मोबाईल: २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात १३ वेळा बसतं, १२ वेळा नाही. आईच्या साध्या फोनला डेटा कशाला? ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसची व्हाउचर ठेवायला सांगितलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत चालते. दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, मागून घ्या.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, कामाचं मिळालं. सबमीटर आहे, घरमालक सरसकट ११ रुपये लावतो. काल मीटर आणून नळाचं पाणी मोजलं: ३८०. बोअरचं १,३५०. म्हणजे जार बंद करायला हरकत नाही ना? आणि दीड क्विंटल ज्वारीला केवढी कोठी लागेल? जागा कमी आहे.

---

परभणीची_काकू

जार बंद करा. फक्त नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पाणी सोडून द्या किंवा वापरायच्या टाकीत घ्या, पाइपात साचलेली घाण त्यात येते. एखाद्या आठवड्यात पाण्याला वास आला किंवा रंग वेगळा दिसला तर तेवढा आठवडा जार घ्या. टीडीएस मीटर क्षार मोजतं, जंतू नाही, म्हणून ३८० आलं तरी क्लोरीन चुकवायचं नाही.

---

वायरमन_नांदेड

सरसकट ११ म्हणजे तुमच्यासाठी १०० युनिटच्या आतलं युनिटही ११ लाच. पंख्याचं गणित तरी फिटतंच, महिन्याला २३० रुपये. पण हिवाळ्यात ११५ युनिटला तुमचा सरसकट दर महाग पडत असेल. मुख्य मीटरचं बिल दाखवायला सांगा आणि एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करून जो दर येतो तो मागा. दोन-तीन भाडेकरूंनी मिळून विचारलं तर सोपं जातं. गो-ग्रीन आणि लवकर भरण्याची सवलत घरमालकाच्या नावावर मिळते, तीही त्यात येऊ द्या.

---

गंजगोलाई_उधारबंद

एक क्विंटल ज्वारीला साधारण १४० लिटर जागा लागते, गव्हाला १३०. दीड क्विंटल ज्वारीला २१० लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचं पत्र्याचं पिंप काठोकाठ भरून सात-आठ किलो बाहेर उरते, ती डब्यात ठेवा. पिंप रसायनाचं किंवा रंगाचं नको, खाद्यतेलाचं असेल तर गरम पाणी-सोड्यानं दोनदा धुऊन पूर्ण वाळवून घ्या, तेलकट राहिलं तर पीठ खवट लागतं. खालून धान्य काढायला झडप असलेली कोठी मिळाली तर तीच घ्या. वरून रोज झाकण उघडलं की पावसाळ्यात दमट हवा आत जाते. वरून काढायचं असेल तर पंधरा दिवसांचं एकदम काढून डब्यात ठेवा आणि झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घट्ट बसवा.

कडबा भाऊंचं कर्जाबद्दलचं म्हणणं मान्य. आणि पहिल्या वर्षी ज्वारीच वर्षाची घ्या, गहू नको, याला आणखी एक कारण आहे: गव्हाचा भाव वर्षभरात ज्वारीइतका वर-खाली होत नाही.